‘फेअर’ ह्या शब्दाविषयीं थोडेसें

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांना इंग्रजी वाचतां येत नाहीं. तरी कांहीं इंग्रजी शब्द असे आहेत कीं ते कोणीं शिकविल्यावांचूनच आपल्या घरांत येऊन बसले आहेत. ‘फेअर’ हा त्यांपैकींच एक होय. शाळेंतलें मूल म्हणतें, ‘‘ही रफ वही, ही फेअर वही.’’ स्थळ पाहावयास आलेला पाहुणा हळूच विचारतो, ‘‘मुलगी फेअर आहे ना?’’ आणि मैदानावर क्रिकेट खेळतांना भांडणारीं पोरें ओरडतात, ‘‘हें फेअर नाहीं!’’ तीन ठिकाणीं तीन अर्थ, आणि शब्द एकच. हा शब्द आज वाचकांपुढें मांडण्याचें कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती पुढें सांगेन.

प्रथम शब्दाची कुळकथा. प्राचीन इंग्रजींत ह्याचा अर्थ सुंदर, मनोहर, डोळ्यांना बरें वाटणारें, एवढाच होता. निरभ्र आकाश फेअर, गोड बोलणें फेअर, डाग नसलेला कागद फेअर. मुलांची फेअर वही ह्या शेवटच्या अर्थाची. ज्याच्या वागण्यावर डाग नाहीं, जो कोणाचा पक्षपात करीत नाहीं, तोहि ह्याच वाटेनें फेअर झाला. आणि सुंदर म्हणजे गोरें असें मानणाऱ्या लोकांच्या तोंडीं गोऱ्या कांतीसहि तोच शब्द चिकटला. जत्रा ह्या अर्थाचा ‘फेअर’ मात्र निराळ्या कुळाचा आहे. तो सणाच्या दिवसाच्या लॅटिन नांवापासून आला. शिवाय प्रगतिपुस्तकांत ‘फेअर’ असा शेरा पडला तर बापानें हुरळून जाऊं नये. तेथें त्याचा अर्थ बेताचा, चांगल्याच्या खालीं आणि वाइटाच्या वर, असा आहे!

आमच्या घरांत ह्या शब्दाचा जो अर्थ प्रथम शिरला तो कातडीचा. १९७५ सालीं हिंदुस्थान लिव्हर कंपनीनें ‘फेअर अँड लव्हली’ नांवाचें मलम बाजारांत आणिलें, आणि ज्या वाडीवर वर्तमानपत्र जात नसे तेथेंहि त्याची लहानशी पुडी जाऊन पोहोंचली. २०२० सालीं त्या मलमाचें नांव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यांत आलें. नांव बदललें, पाहुण्यांचा प्रश्न बदलला नाहीं. वास्तविक पाहतां, जमिनीला काळी आई म्हणणारा आमचा मुलूख. विठ्ठलाला सांवळा म्हणून आमच्या लोकांनीं शेंकडों वर्षें आवडीनें गायिलें. काळ्या रंगावर एवढी माया असणाऱ्या ह्याच लोकांना सून मात्र गोरी हवी असते.

गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायांतील स्त्री आपल्या काळेपणाविषयीं व सौंदर्याविषयीं एकाच श्वासांत बोलते. तिच्या ह्या दोन शब्दांना जोडणारें इब्री अक्षर असें आहे कीं त्याचा अर्थ ‘आणि’ असाहि होतो व ‘पण’ असाहि होतो. जुन्या ग्रीक भाषांतरानें ‘आणि’ घेतलें, लॅटिन भाषांतरानें ‘पण’. एवढ्याशा अक्षरांत केवढा फरक! काळी पण सुंदर म्हणणारा काळेपणाबद्दल माफी मागतो. काळी आणि सुंदर म्हणणारा मागत नाहीं. इंग्रजांच्या १६११ सालच्या भाषांतरानें तेथें ‘पण’च स्वीकारलें. परंतु तीनच वचनें पुढें, त्याच काळ्या स्त्रीला संबोधितांना, सर्व स्त्रियांत अत्यंत फेअर ह्या अर्थाचा शब्द वापरला आहे. म्हणजे चारशें वर्षांपूर्वींच्या त्या विद्वानांच्या कानाला काळी स्त्री फेअर असण्यांत कांहींच विसंगत वाटलें नाहीं. आज कोणी असें लिहील तर मुलगी पाहावयास आलेले लोक त्यास फसवणूक म्हणतील.

आतां माझी चूक. माझ्या बहिणीच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. बहीण म्हणाली, ‘‘तुझें इंग्रजी चांगलें, दोघींचा बायोडाटा तूंच लिही.’’ थोरली गोरी. तिच्या कागदावर नांव, वय, शिक्षण लिहून मीं ‘फेअर’ हा शब्द लिहिला, आणि तो लिहितांच लेखणीला जोर चढला. तिचा स्वभाव, तिचें गाणें, घरकामांतील तिचा उरक, असें पान भरून गेलें. धाकटी सांवळी. ती परिचारिका आहे. रात्रपाळी करून आल्यावर सकाळीं आजीचें पथ्यपाणी तीच पाहते. परंतु तिच्या कागदावर वर्णाच्या जागीं आलों आणि लेखणी अडखळली. ती जागा मीं मोकळी सोडली, व पुढचें दोन ओळींत आटोपलें. तिनें दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले व म्हणाली, ‘‘मामा, मी गोरी नाहीं हें खरेंच आहे. पण ताईचें पान भरलें आणि माझें अर्धें राहिलें, तें कशानें?’’

मला उत्तर सुचलें नाहीं. मीं एक अक्षर खोटें लिहिलें नव्हतें, तरी कागद फेअर नव्हते. शब्दाचा जो अर्थ आम्ही शेवटीं शिकतों, त्याच्यापाशीं मला त्या मुलीनें नेऊन उभें केलें.

ह्या अर्थाला मराठींत नेमका जोड सांपडणें कठीण आहे. न्याय म्हटलें कीं कोर्ट व वकील डोळ्यांपुढें येतात. समान म्हणजे सारखें, तें निराळें. पोरें ‘रडीचा डाव’ म्हणतात तें बरेंच जवळ आहे, पण तें उलट बाजूनें. आम्हींच अडलों असें नव्हे. जर्मन लोकांनींहि हा शब्द आपल्या भाषेंत जसाच्या तसा उचलून ठेविला आहे. सरकारी मराठीनें मात्र ‘रास्त’ हा शब्द योजिला. रेशनच्या दुकानावरील ‘रास्त भाव दुकान’ ही पाटी म्हणजे फेअर प्राइस शॉपच होय. आणि २००९ पासून उंसाला जी एफआरपी लागू झाली तिचें पहिलें अक्षरहि हाच फेअर, रास्त. मूळ फारशी शब्दाचा अर्थ सरळ, नीट असा आहे.

पण सरळ म्हणजे कोणत्या मापानें सरळ? ह्या रेशनच्या दुकानाकडेच पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबास दर महिन्यास माणशीं पांच किलो धान्य आहे. अंत्योदय कुटुंबास माणसें कितीहि असोत, पस्तीस किलो. एकटी राहणारी अंत्योदयाची विधवा पस्तीस किलो उचलते, आणि रांगेंत तिच्या मागें उभे असलेले प्राधान्याचे नवरा-बायको दहा किलो नेतात. तीं कुरकुरतात. उलट आठ माणसांच्या अंत्योदय घरास पस्तीसच, आणि आठ माणसांच्या प्राधान्य घरास चाळीस. तेथें अधिक गरीब असेल त्याच्याच पदरीं कमी! जानेवारी २०२३ पासून हें धान्य फुकट मिळतें, तरी कुरकूर संपलेली नाहीं, कारण ती पैशाची नव्हतीच. एक माप तोंडें मोजतें, दुसरें दैन्य मोजतें. दुकानदारानें काट्यांत एक दाणा मारला नाहीं तरीहि, ज्याच्या हातीं हलकी पिशवी येते त्यास तें रास्त वाटत नाहीं.

अमेरिकेंतील तत्त्वज्ञ जॉन रॉल्स ह्यांनीं १९५८ सालीं ह्याच शब्दावर न्यायाची सर्व इमारत उभारणारा एक निबंध लिहिला, व १९७१ सालीं मोठा ग्रंथ. त्यांचा विचार थोडक्यांत असा: समाजाचे नियम ठरविणारानें असें समजावें कीं त्या समाजांत आपण श्रीमंत असूं कीं भूमिहीन, धडधाकट कीं पंगु, हें आपणांस ठाऊकच नाहीं, अशा स्थितींत जे नियम सर्वांस कबूल होतील ते फेअर. दोघां भावांत वाटणी असली म्हणजे एकानें वाटे पाडावे व दुसऱ्यानें आधीं उचलावा, ही आपली जुनी युक्ति ह्याच जातीची आहे. वाटे पाडणारा डोळ्यांत तेल घालून पाडतो. मी थोरली भाची आहें कीं धाकटी, हें मला ठाऊक नसतें, तर ते दोन कागद मीं कसे लिहिले असते?

तथापि ह्या शब्दाचा हात कोठें पुरत नाहीं तेंहि पाहिलें पाहिजे. द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दृष्टांत उंसतोडीच्या माणसांना सांगतांना मला नेहमीं जड जातें. दिवसभर उन्हांत राबलेला आणि संध्याकाळीं तासभर आलेला, दोघांस एकच मजुरी! ऐकणाऱ्यांच्या कपाळावर आंठ्या पडतात, व त्या पडाव्यात हें मला गैर वाटत नाहीं. त्यांचा घाम खरा आहे. पण पहाटे आलेल्याचें ठरलेल्यांतलें कांहीं बुडालें नव्हतें. त्याला जें बोंचलें तें आपलें कमी पडल्याचें नव्हे. दुसऱ्याचें आपल्या बरोबरीला आलें ह्याचें. आणि संध्याकाळीं आलेल्याच्याहि घरीं सकाळीं तितकींच तोंडें उपाशी होतीं, हें फेअर ह्या शब्दांत कोठेंच बसत नाहीं.

मीं धाकटीचा कागद पुन्हां लिहिला. ह्या वेळीं पान भरलें. खरें सांगावयाचें तर कांहीं मजकूर मागच्या बाजूस न्यावा लागला. थोरलीच्या कागदावरून ‘फेअर’ हा शब्दहि काढला. त्यावर बहीण रागावली. ‘‘शब्द काढलास तर लोक समजतील, दोघीहि काळ्या,’’ असें म्हणून तिनें तो आपल्या हातानें परत लिहिला, आणि मी तिच्याशीं वाद घातला नाहीं. घालावयास हवा होता कीं काय, हें अजून मला ठरवितां आलेलें नाहीं. धाकटीनें आपला कागद शांतपणें वाचला, दोन ठिकाणीं माझ्या इंग्रजीच्या चुका दाखविल्या, आणि कागद परत देऊन म्हणाली, ‘‘मामा, आतां हें फेअर करून द्या.’’