पाचवे शील आणि औषधाची गोळी



पाचवे शील म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे दारूची बाटली येते. ते साहजिक आहे. दारूने आपल्या वस्त्यांची केलेली राखरांगोळी आपण पाहिली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती पाळून कित्येक संसार उभे राहिले. परंतु ज्या घरात दारूचा थेंब येत नाही, त्या घरात उशाखाली गोळ्यांची पट्टी सापडते. डॉक्टरांनी कधीकाळी झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षे सुटत नाही. हा शीलभंग आहे काय? आणि अशा माणसाशी घरच्यांनी कसे वागावे?

प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, देशात सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपेची व गुंगीची औषधे उपचाराबाहेर घेतात, असा अंदाज दिला आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पिलिंदवच्छ स्थविरांना वाताचा विकार जडला. वैद्यांनी तेल कढवून त्यात मद्य घालावयास सांगितले. तथागतांनी अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खूंनी तेलात मद्य वाढविले आणि ते पिऊन त्यांना नशा चढली. तेव्हा तथागतांनी मर्यादा घातली की, मद्याचा रंग, वास आणि चव जाणवणार नाही इतकेच ते तेलात असावे. ज्यात अधिक पडले असेल ते तेल अंगाला चोळावे. विचार करा, नशा झाली म्हणून त्यांनी औषध बंद केले नाही, आणि औषध आहे म्हणून नशेकडे डोळेझाकही केली नाही. त्यांनी हेतू पाहिला आणि प्रमाण ठरवून दिले.

म्हणून औषध घेणे हा शीलभंग नव्हे. बाबासाहेब स्वतः मधुमेहाचे रुग्ण होते व औषधे घेत होते. शील ही कोणा ईश्वराची आज्ञा नाही. ते शिक्षापद आहे, शिकत शिकत पाळावयाचे आहे. त्याचा रोख प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर आहे. तेव्हा प्रश्न असा विचारावा की, बेसावधपणा नेमका कोठे शिरला?

गोळीची सवय लागते कशी, हे आधी समजून घेऊ. अल्प्राझोलॅम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या मेंदूतील शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतात. काही आठवड्यांत मेंदू या उसन्या जोरावर विसंबू लागतो आणि स्वतःचा लगाम सैल सोडतो. पूर्वीची मात्रा मग पुरत नाही. गोळी चुकली की जीव घाबरतो, हात कापतात, झोप उडते. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधे दुखणे मारतात. पण ती तुटली की अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात. पाठीवर पोती वाहणारा हमाल असो की पती वारल्यावर झोप हरवलेली माउली असो, चिठ्ठीप्रमाणे गोळी घेणाऱ्यालाही हे होऊ शकते. येथे पाप शोधू नका, कारण शोधा. कारणावाचून काही घडत नाही, हीच तर तथागतांची शिकवण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्थांची गणना आजारात केली आहे.

मग माणसाची काहीच जबाबदारी नाही काय? आहे. सवय लागली हे कळल्यानंतर लपवाछपवी करणे, दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या घेणे, उपचार टाळणे, हा प्रमाद आहे. मेडिकलवाल्याचीही जबाबदारी आहे. २०१४ पासून अशा अनेक औषधांची विक्री वहीत नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०१८ साली ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. चिठ्ठीवाचून पट्टी देणारा ओळखीचा दुकानदार आपल्यावर उपकार करीत नसतो.

परंतु सर्वांत मोठा प्रमाद पुष्कळदा घरचेच करतात. “बौद्धाच्या घरात हे चालणार नाही,” असे म्हणून मुलगा आईच्या गोळ्या मोरीत ओततो. हेतू चांगला, पण कृती घातक! झोपेच्या गोळ्या एकाएकी तोडल्या तर झटके येऊन प्राणावर बेतू शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या कमी कराव्या लागतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. अफूच्या जातीच्या औषधांवर ब्युप्रेनॉर्फिन देतात. “एक नशा सोडवून दुसरी लावली,” असे त्यावर काहीजण म्हणतात. त्यांनी पिलिंदवच्छांचे तेल आठवावे. ठरल्या मात्रेने घेतलेले हे औषध तडफड थांबवते आणि माणूस कामावर जाऊ लागतो. आणखी एक धोका ध्यानात ठेवा. काही दिवस सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. म्हणून पुन्हा पाय घसरला तर शिव्या देऊन घराबाहेर काढू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आहे. सरकारचा १४४४६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. जाण्यात कमीपणा नाही. अतिसाराने लोळत पडलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. तो भिक्खू संघाच्या उपयोगी नव्हता म्हणून इतरांनी त्याला टाकले होते. आपल्या घरातला आजारी माणूस आपण टाकणार आहोत काय?

आपण अंगारे-धुपारे सोडले, भगताची पायरी सोडली. पण गोळीही अंगाऱ्यासारखी, काही न विचारता घेऊ लागलो तर काय सुधारलो? “या आणि पाहा” असे सांगणारा आपला धम्म आहे. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे पण निर्भयपणे विचारा : ही गोळी कशासाठी? किती दिवस? सवय लागते काय? बंद कशी करावयाची? घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आजी-आजोबांच्या चिठ्ठ्या वाचाव्यात, तारखा पाहाव्यात. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत.

पुढच्या पौर्णिमेला पंचशील ग्रहण कराल, तेव्हा पाचव्या शिलाशी क्षणभर थांबा आणि घरातील औषधांचा डबा आठवा. त्या डब्याशी कोणी एकट्याने झगडत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि दवाखान्यात त्याच्याबरोबर जा.

जयभीम! नमो बुद्धाय!