गीतदान आणि दिव्याचें तेल

विद्येचा विक्रय करूं नये, असें आपले जुने लोक सांगत आले; आणि कलावंताची बिदागी बुडवूं नये, हेंही तेच लोक सांगत आले. हरिकथेचें मोल घेणें वारकरी पंथानें निषिद्ध मानलें. उलट दरबारांत किंवा बैठकींत गवयाला रिकाम्या हातानें परत पाठविणें यांत यजमानाची अब्रू जाई. हे दोन दंडक महाराष्ट्रानें शेंकडों वर्षें शेजारीं शेजारीं पाळले आणि त्यांत त्याला विसंगति अशी भासली नाहीं. कारण कीर्तनकार निराळा, गवई निराळा, आणि दोघांच्या चुलीही निराळ्या. परंतु गेल्या वीसएक वर्षांत जगांतील नामवंत गायक-वादकांनीं आपलीं नवीं गाणीं विनामूल्य वांटण्याचा उपक्रम चालविला, आणि हे दोन्ही दंडक एकमेकांसमोर येऊन उभे ठाकले. गाणें फुकट देणें हें औदार्य कीं व्यापार? आणि औदार्य असलें, तर त्याचा भार कोणाच्या शिरावर पडतो? या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार होणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम घडलें काय तें पाहूं. इ. स. २००७ च्या जुलैंत प्रिन्स या अमेरिकन गायकानें आपला नवा गीतसंच इंग्लंडांतील 'मेल ऑन संडे' या वृत्तपत्राच्या अंकाबरोबर वांटून टाकला. तेथील दुकानदार संतापले, आणि जी कंपनी तो विकणार होती तिनें त्या देशांतील विक्रीचा विचारच सोडून दिला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रेडिओहेड या इंग्लिश वाद्यवृंदानें 'इन रेनबोज' हा आपला गीतसंच इंटरनेटवर ठेवला आणि किंमत ऐकणारानेंच ठरवावी, कांहीं न दिलें तरी चालेल, असें जाहीर केलें. पुढें २०१४ च्या सप्टेंबरांत यू-टू या आयरिश वाद्यवृंदाचीं नवीं गाणीं ॲपल कंपनीनें सुमारें ५० कोटि ग्राहकांच्या संग्रहांत परस्पर टाकून दिलीं.

आतां या दानांची दुसरी बाजू. प्रिन्सला वृत्तपत्रानें पैसे मोजले होते, आणि लगेच पुढच्या महिन्यापासून लंडनांत त्याचे २१ जलसे झाले. रेडिओहेडचीं तींच गाणीं मागाहून तबकडीच्या रूपानें दुकानांत आलीं, तेव्हां इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत तीं खपाच्या यादींत अग्रभागीं जाऊन बसलीं. यू-टूलाही कंपनीनें मोबदला दिला होता. तेव्हां दात्याच्या पदरचें फारसें गेलें, असें यांतील कोणाविषयींही म्हणतां येत नाहीं. एवढ्यावरून त्यांना ढोंगी ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. किंमत ठरविण्याचें काम ऐकणाराच्या सद्बुद्धीवर सोंपविणें ही लहान गोष्ट नव्हे. पण औदार्याची परीक्षा दात्याच्या मनावरून करूं लागलें कीं ती संपतच नाहीं; ती परिणामावरून करणें बरें.

मुळांत गाणें ही वस्तु म्हणून विकली जाणें हीच अलीकडची गोष्ट होय. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. तोंवर या देशांत गाणें घरीं नेतां येत नसे. गवई घरीं आणावा लागे. त्याला मिळे तें त्याच्या उपस्थितीचें मोल. पुढें बालगंधर्वांचीं पदें, ज्यांनीं त्यांचें नाटक कधीं पाहिलें नव्हतें त्यांच्याही कानीं तबकडीवरून पडूं लागलीं. १९८० नंतर स्वस्त कॅसेटींनीं तबकडीची सद्दी मोडली, आणि नव्या शतकाच्या आरंभीं इंटरनेटनें कॅसेट व सीडी या दोहोंनाही मोडींत काढलें. एका गाण्याच्या लक्ष प्रती निघाल्या तरी लक्षाव्या प्रतीला जवळजवळ कांहींच खर्च नाहीं, अशी स्थिति आली. गाण्याच्या विक्रीचा शंभर वर्षांचा अध्याय तेव्हां उतरणीला लागला आणि मोल पुन्हां उपस्थितीकडे वळलें. पूर्वीं जलसा ही तबकडीची जाहिरात असे. आतां गाणें ही जलशाची जाहिरात झाली. नामवंतांचें दान या वळणावरचें आहे.

यावर कोणी विचारील, यांत बिघडलें काय? आमच्या मराठी वाङ्मयाचा पायाच अशा दानावर उभारलेला नाहीं काय? अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें हें गांव आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, तेथें ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली. तिची किंमत कोणी आंखली नाहीं, तिचे हक्क कोणी राखून ठेवले नाहींत. सुमारें नऊ हजार ओव्या. ज्याला हव्या त्यानें उतरून घ्याव्या, पाठ कराव्या, गाव्या. आणि सातशेंहून अधिक वर्षें लोक तेंच करीत आले. फुकट दिलेली कृति बुडत नाहीं, उलट तीच टिकते, असा बोध या उदाहरणावरून काढण्यांत येतो.

बोध खरा आहे, पण अर्धा आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असें परंपरा सांगते, तो पैसाचा खांब नेवाशास अद्याप उभा आहे आणि त्याच्यावर एक लेख कोरलेला आहे. लेख ज्ञानेश्वरांविषयीं नाहीं. करवीरेश्वराच्या दिव्याला लागणाऱ्या तेलासाठीं द्यावयाच्या दानाची ती नोंद आहे. या योगायोगांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. देवळांतील उजेड येणाराजाणाराला फुकट असतो. तेल फुकट नसतें. त्याची तजवीज कोणीं तरी केलेली असते, आणि ती पुढें मोडूं नये म्हणून दगडावर कोरून ठेवावी लागते.

ज्ञानेश्वरीचीही गोष्ट हीच. ग्रंथ सांगितला ज्ञानेश्वरांनीं, लिहून घेतला सच्चिदानंदबाबांनीं. आणि या लेखकाचें नांव ग्रंथाच्या अखेरीस शक व स्थळ यांच्या जोडीनें आदरपूर्वक नोंदलेलें आहे. पुढें पिढ्यानुपिढ्या ज्या नकलकारांनीं बोरू चालविला, त्यांच्या कागदाचें, शाईचें आणि दिवसांचें मोल कोणीं तरी सोसलें. प्रतींत अपपाठ शिरले, तेव्हां शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ त, पैठणच्या एकनाथांनीं ती शुद्ध करण्याचे श्रम घेतले. १८४५ मध्यें बाळशास्त्री जांभेकरांनीं ती छापून प्रसिद्ध केली. विनामूल्य कृतीच्या मागें अशी तेल घालणारांची एक रांग उभी असते. आणखी एक गोष्ट. ज्ञानेश्वरांनींही आपल्या वाग्यज्ञाचें फळ मागितलेंच आहे. त्या मागणीला आपण पसायदान म्हणतों. तें त्यांनीं विश्वात्मक देवाजवळ मागितलें, आणि मागितलें तें अवघ्या प्राणिमात्रांसाठीं. तेव्हां दात्यानें मागूंच नये असें नव्हे. त्यानें कोणासाठीं मागितलें, हें पाहावें.

या कसोटीवर आजचें गीतदान घासून पाहिलें म्हणजे त्यांतील उणीव ध्यानांत येते. गाणें एकट्या गाणाराचें नसतें. ज्याचें नांव झालें आहे तो गाणें फुकट देऊन जलशांत तूट भरून काढूं शकतो. परंतु ज्यानें शब्द लिहिले, ज्यानें चाल बांधली, ज्यानें मागें बसून व्हायोलिन वाजविलें, त्याला जलसा कोठून आणावा? १९६० नंतरच्या दशकांत लता मंगेशकर आणि महंमद रफी यांचा याच जातीच्या प्रश्नावर मतभेद झाला. गाणें विकलें जात आहे तोंवर त्या उत्पन्नांत गायकाचाही वांटा असावा, असें लताबाईंचें म्हणणें; ठरलेला मोबदला हातीं पडला कीं गायकाचा हक्क संपला, असें रफींचें. कांहीं वर्षें दोघांनीं एकत्र गाणें सोडलें. रफींच्या म्हणण्यांतील निरिच्छता आम्हांस आदरणीय वाटते. पण ती त्यांना शोभली, कारण त्यांच्या दाराशीं उद्यांचें काम उभें होतें. ज्याला उद्यांची शाश्वति नाहीं त्याच्यावर ती लादतां येत नाहीं. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यांत २०१२ मध्यें जी दुरुस्ती झाली तिच्या मुळाशीं हाच विचार दिसतो. चित्रपट चित्रगृहांत दाखविण्याखेरीज गाण्याचा जो अन्य उपयोग होतो, त्याच्या मानधनांतील आपला वांटा कवीला व संगीतकाराला आतां निर्मात्याच्या पदरांत टाकतां येत नाहीं. आपला हक्क आपणच सोडूं नये अशी मनाई प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु दुर्बळाचा त्याग बहुधा त्याग नसतो, ती सक्ती असते.

दुसरा परिणाम शेजाऱ्यावर होतो. धनिकानें भुकेल्यांसाठीं अन्नछत्र घातलें तर तें पुण्य. तेंच त्यानें गरीब खाणावळवाल्याच्या दाराशीं, भरल्या पोटीं येणारांसाठीं घातलें तर तो त्या गरिबावर घाला. गाण्याला मोल नसतें अशी संवय नामवंतांनीं जगाला लावली, कीं ज्याचें नांव अद्याप कोणास ठाऊक नाहीं त्यानें मोल मागतांच तो लोभी ठरतो. आमच्या तालुक्याच्या गांवींही हें दिसतें. वरातीपुढें जेथें बँडवाले किंवा ताशेवाले चालत, तेथें भाड्याच्या कर्ण्यांतून फुकट मिळालेलें गाणें वाजतें. ज्यांचें पोट केवळ उपस्थितीवर, त्यांची उपस्थितीच अनावश्यक ठरली.

तिसरी गोष्ट घेणाराची. यू-टूचीं गाणीं न मागतां घरांत आलेलीं पाहून पुष्कळ लोक चिडले, आणि अखेर तीं काढून टाकण्याची सोय कंपनीला करून द्यावी लागली. नको म्हणण्याची मुभा नसेल तर दान हा उपद्रव होतो.

सारांश, गाणें विकणें हें पाप नव्हे आणि फुकट देणें हें आपोआप पुण्य नव्हे. आपल्या एकट्याच्या वांट्याचें द्यावें, सहकाऱ्यांच्या वांट्याचें देऊं नये. लिहिणाराचें नांव व मोल आधीं चुकतें करावें. आणि घेणाराला नकार देऊं द्यावा. या तीन अटी पाळून दिलेलें गाणें नेवाशाच्या परंपरेंत बसेल.

परंतु सगळा बोजा गाणारावर टाकून ऐकणारानें मोकळें होणें बरें नव्हे. हरिकथेचें मोल घेऊं नये हा दंडक चालला, तो गांवानें आपली बाजू सांभाळली म्हणून. सप्ताहाची वर्गणी गांव गोळा करी, कीर्तनकाराची पंगत कोणाच्या तरी घरीं असे, टाळकऱ्यांच्या भाकरी घरोघर थापल्या जात. मोल घेतलें जात नव्हतें, पण भार वाहिला जात होता. आजचा श्रोता कानाला यंत्र लावून एकटा ऐकतो, आणि आपल्याला कांहीं द्यावें लागलें नाहीं म्हणजे कोणालाच कांहीं लागलें नाहीं, अशी समजूत करून घेतो. जें गाणें आपल्याला रोज सोबत करतें तें कोणीं लिहिलें, कोणीं बांधलें आणि त्यांना काय मिळालें, एवढी चौकशी त्यानें करावी. शक्य तेथें गाणाराला समक्ष जाऊन ऐकावें आणि पदरचे पैसे देऊन ऐकावें. नेवाशाच्या खांबावर ज्यांनीं तेलाची तजवीज कोरून ठेवली त्यांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें, आणि दिवा तेवढ्यावरच जळत होता.