कॅमेरा आधी खाली ठेवा

पोरांनो, आता कुणी फोटो दाखवायला पुढे येऊ नका. कार्डात काय आलंय ते मला बघायचं नाही. आज सकाळी पिंगळीच्या शिवारात तुम्ही काय केलंत ते आधी ऐकून घ्या, आणि मी बोलतोय तोवर लेन्सच्या पिशव्यांच्या चेन उघडू नका.

पडीक रानात टिटवी अंड्यांवर बसली होती. मी लांबूनच बोट दाखवलं आणि बजावलं, या बांधाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. माझी पाठ फिरताच तुमच्यातले काही जण पोटावर सरपटत पुढे गेले, कारण जमिनीलगत झोपून घेतलेला फोटो उठावदार येतो, हे तुम्ही कुठेतरी ऐकलंय. येतो, त्यात खोटं काही नाही. पण त्यासाठी अंड्यांपासून दहा पावलांवर जाऊन पडायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी तर नाही. टिटवी उठली. डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली, मग पलीकडे उतरून एक पंख मोडल्यासारखा ओढत चालायला लागली. तेव्हा तरी थांबायचं! तुम्ही त्याचाही बर्स्ट मारलात आणि वर मला येऊन सांगितलंत, ‘सर, काय अॅक्शन मिळाली!’

ती अॅक्शन नव्हती. आपण जखमी आहोत असं भासवून शत्रूला घरट्यापासून लांब नेण्याची ती टिटवीची शेवटची धडपड होती. कुत्रं आलं, मुंगूस आलं की ती हेच करते. आज तिनं तुम्हाला त्यांच्याच रांगेत बसवलं.

आता त्या अंड्यांचं काय झालं ते ऐका. टिटवीचं घरटं म्हणजे काड्यांचा खोपा नव्हे. उघड्या जमिनीवरचा एक उथळ खळगा, कडेला चार खडे, शेळीच्या लेंड्या, मातीची ढेकळं. त्यात बहुधा चार अंडी, टोकं आत करून मांडलेली, काळ्या-तपकिरी ठिपक्यांची, पायाखाली आली तरी कळू नयेत अशी. नर आणि मादी आळीपाळीनं महिनाभर बसतात. थंडीत पक्षी अंड्यांना ऊब देतो, पण परभणीच्या एप्रिल-मे महिन्यांत टिटवीचं काम उलटं असतं. तिला अंडी तापू द्यायची नसतात. म्हणून ती अंगाची सावली धरून उभी राहते, पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. काळ्या मातीचं रान दहा वाजता किती तापतं हे तुम्ही शेतकऱ्यांची पोरं असून मी सांगायचं? तिथे अनवाणी उभं राहवत नाही. त्या तव्यावर तुम्ही चार अंडी उघडी टाकलीत, ती दोन-पाच मिनिटं नव्हे. मी ओरडून तुम्हाला मागे आणेपर्यंत. बाभळीवर कावळा बसला होता, तो तर तुमच्यापैकी एकालाही दिसला नाही. कावळ्याला घरटं शोधावं लागत नाही, माणसं कुठे वाकून बघतात तेवढं त्यानं पाहिलं तरी पुरतं.

‘आम्ही कुठे हात लावला?’ हे बोलून झालंय तुमचं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा एकदा उघडून वाचा. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं, त्यांना उपद्रव देणंही येतं. बंदूक हातात असावी लागत नाही. कायद्याचा धाक दाखवायला मी हे सांगत नाहीये. लाखाच्या घरातली लेन्स घेताना तिच्या वॉरंटीचा कागद तुम्ही ओळ न् ओळ वाचलात, आणि ज्या जिवांचे फोटो काढायचे त्यांच्याबद्दलचा कायदा कुणी चाळलाही नाही, याची मला चीड आहे.

दुसरी गोष्ट याहून वाईट. गायरानाच्या कडेला काळविटांचा कळप होता. तुम्हाला शेळ्या राखणारा पोरगा दिसला, तुमच्यातल्या एकानं खिशातून नोट काढली आणि त्याला म्हणाला, ‘कळप जरा इकडं हाकल.’ मला हे त्याच पोरानं सांगितलं. लाज वाटली त्याला, तुम्हाला वाटली नाही. परभणीच्या, हिंगोलीच्या शिवारात काळवीट अजून माणसाच्या शेजारी राहतं, हरभरा खातं, ज्वारीत शिरतं, शेतकरी शिव्या घालतो आणि तरी बहुतेक वेळा त्याला सोडून देतो. या सोसण्यावर तो कळप टिकून आहे. असा कळप उन्हात हाकलला की काय होतं? घाबरून जिवाच्या आकांतानं पळालेल्या हरणाचे स्नायू निकामी होतात, ते पळून सुटलंय असं वाटतं आणि नंतर कुठेतरी आडोशाला मरून पडू शकतं. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी शिवारभर आहेत. आणि मादीनं नवं पाडस गवतात दडवून ठेवलेलं असेल, तर कळप उधळल्यावर ती त्याच्याकडे परतेल कशी, याचा विचार नोट काढताना आला होता का मनात?

ज्या पोराला तुम्ही पैसे दाखवलेत, त्याला प्रश्न विचारायचे होते. कळप पाण्याला कुठे उतरतो, भर उन्हात कुठल्या झाडाखाली बसतो, काळा नर कोणत्या धुऱ्यावर उभा राहून दुसऱ्याला आडवा येतो, हे त्याला रोजच्या राबत्यातून माहीत आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, पण रानाची विद्या ते जंगलातल्या माणसांकडून, त्यांच्या शेजारी बसून शिकले, त्यांची नावं घेऊन शिकले. म्हणून त्यांच्या हातून ‘पक्षिकोश’ झाला. तुम्ही मात्र तुमच्या गुरूला हाकारा केलंत.

हे तुम्ही कुठून शिकून आलात तेही मला ठाऊक आहे. तुमच्यातल्या बहुतेकांचा ताडोबा झालाय, कुणाचा टिपेश्वर, कुणाचं भिगवण. परत आल्यावर तुमच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘साइटिंग झाली का?’ जिप्सीत बसल्यापासून गाईडच्या मागे भुणभुण, ड्रायव्हरच्या हातात वरचे पैसे, ‘दादा, अजून थोडी पुढं घ्या’. याचा शेवट कुठे होतो ते ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी त्यांची वाट अडवलेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाईड आणि ड्रायव्हर यांच्यावर कारवाई झाली. पण त्या गाड्या पुढे कोणाच्या हट्टानं जातात? मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन बसलेल्यांच्याच ना? गाईडची रोजी बंद होते आणि पाहुणा घरी जाऊन फोटोवर वाहवा मिळवतो, हा न्याय मला मान्य नाही.

मी टूरच्या विरोधात नाही. मी स्वतः वर्ग घेतो, तुमच्याकडून फी घेतो. चांगल्या माणसाबरोबर चार दिवस जंगलात फिरलात तर पुस्तकात नाही ते कळतं. सांबराचा इशारा कसा ऐकायचा, वाऱ्याची दिशा बघून कुठे थांबायचं, गाडीचं इंजिन कधी बंद करायचं, पहाटेच्या कमी उजेडात आयएसओ वाढवायला का घाबरायचं नाही, उडत्या पक्ष्याला शटर स्पीड सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या खाली का उतरू द्यायचा नाही. हे शिकवणारे लोक आहेत आणि त्यांची फी वाजवी आहे. पण तुम्ही शिकायला जात नाही. तुम्ही फोटो विकत घ्यायला जाता. शिकवणाऱ्यानं सेटिंग सांगायचं, गाईडनं वाघ दाखवायचा, ड्रायव्हरनं गाडी उजेडाच्या बाजूला लावायची, आणि बटण दाबून खाली नाव तुमचं. आधी कळस आणि मग पाया अशी तुमची तऱ्हा, म्हणून टिटवीसमोर आलात आणि उघडे पडलात. तिथे गाईड नव्हता.

आणि तंत्राचा एवढा अभिमान आहे, तर आजचे फोटोही तंत्रात बसणारे नाहीत, हे सांगून ठेवतो. ऊन चढलं की काळ्या रानावरची हवा थरथरते. त्या हवेतून पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्सनं लांबचा कळप टिपलात की काहीही केलं तरी तो मऊच येणार. दोष लेन्सचा नाही, फोकसचा नाही, तुम्ही उशिरा उठलात त्याचा आहे. काळविटाच्या नराची पाठ काळी आणि पोट पांढरं. भर उन्हात एक सांभाळलं की दुसरं जातं. काळ्या पाठीनं चौकट भरली की कॅमेरा फसतो, तिला राखाडी करायला जातो आणि पोट जळून पांढरंफेक होतं. तिथे एक्स्पोजर खाली आणावं लागतं. हिरव्यागार उसापुढे उभा असलेला बगळा घेतानाही तेच. हे मी मागच्याच वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं. तेव्हा अर्धी बॅच मोबाईलवर पुढच्या टूरचं बुकिंग बघत होती.

तुम्ही म्हणाल, टिटवी, सुगरण, काळवीट हे रोजचंच आहे, त्यात काय शिकायचं? ऐका. १९३० साली सलीम अलींची नोकरी गेलेली होती. जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून आलेला माणूस, आणि मुंबईतल्या म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झाली. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे दाराशी सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडाचा आडोसा करून ते पावसाळाभर त्या घरट्यांसमोर बसून राहिले. आणि त्यांना दिसलं की नर अर्धंच घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत मुक्काम करते, मग नर ते पुरं करतो आणि शेजारी दुसरं घरटं विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट बघतो. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्या पक्ष्याचे खोपे बघत आले, त्याच्या संसाराची ही रीत १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मांडली. दुर्मीळ पक्षी नाही, दूरचं जंगल नाही. ही सुगरण पिंगळीच्या विहिरीवरच्या बाभळीला पावसाळ्यात लोंबती घरटी विणते. तुमच्यातल्या किती जणांनी एका तरी घरट्यासमोर सकाळ काढली आहे? हात वर करा. बघा, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि जंगल वेगळं, शिवार वेगळं, असंही समजू नका. २०१९ साली टिपेश्वरहून रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण वाघ बाहेर पडला. शेतं, नाले, डांबरी रस्ते ओलांडत त्याची नोंदलेली चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली आणि तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत आपल्या शेजारच्या हिंगोलीचं शिवारही त्यानं तुडवलं. रान आणि शिवार यांच्यातली रेघ आपण काढलीय, जनावरानं नाही. म्हणून शिवारात कसं वागायचं हे ज्याला कळत नाही, त्याला जंगलाच्या फाटकातून आत सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून छाती पुढे काढता ना? मग परभणीची टिटवी सांभाळा.

आणखी एक, कारण तेही आज झालं. बारवेजवळच्या झाडाच्या ढोलीत पिंगळा असतो हे कळल्यावर कुणीतरी मोबाईलवरच्या ॲपमधून त्याचा आवाज वाजवला. तो बाहेर आला, कारण त्याला वाटलं आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय. विणीच्या दिवसांत त्याला असं पुन्हा पुन्हा बाहेर काढायचं नाही. माझ्या वर्गात ते ॲप यापुढे चालणार नाही. घरट्याचा फोटो चालणार नाही. आज काढलेले टिटवीचे फोटो आत्ता, माझ्यासमोर, पुसून टाकायचे, आणि घरट्याची जागा कुणाला पाठवली असेल तर तोही संदेश काढून टाकायचा.

पुढचा वर्ग कॅमेऱ्याशिवाय आहे. वही, पेन्सिल, दुर्बीण असेल तर दुर्बीण, पाण्याची बाटली. उजाडायच्या आत बांधावर हजर व्हायचं आणि जिथे बसवीन तिथून ऊन चढेपर्यंत हलायचं नाही. टिटवी किती वेळ बसली, कधी उठली, जोडीदार कोणत्या बाजूनं आला, पाण्याकडे गेली तर किती वेळानं परतली, सगळं वेळ घालून लिहायचं. पावसाळा लागेपर्यंत हेच चालेल. ज्याची वही मला पटेल त्याच्या हातात कॅमेरा देईन, आणि त्याच्या टूरसाठी चांगला माणूस मी स्वतः सुचवीन. शेळ्या राखणाऱ्या त्या पोरालाही मी वर्गाला बोलावलंय, त्याच्याकडून फी घेणार नाही, त्याला पुढे बसवणार आहे. ज्याला हे मान्य नाही त्यानं आज संध्याकाळपर्यंत आपली फी परत घेऊन जावी.