कायमचे येण्यापूर्वीचे घर

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या भारतीय कुटुंबाचे घर निवासी व्हिसावर उभे असते. हा व्हिसा नोकरीशी जोडलेला असतो, साधारण दोन वर्षांचा असतो, आणि घरातल्या एका कमावत्या माणसाच्या आधाराने बाकीच्यांना मिळतो. बहुतेक घरांत हा माणूस नवरा असतो. नर्स किंवा शिक्षिका असलेल्या बाईच्या व्हिसावर नवरा-मुले आली आहेत, अशीही घरे आहेत. कुटुंब आणायचे तर पगार किमान 4000 दिरहम, किंवा राहण्याची सोय आणि वर 3000 दिरहम असावा लागतो. नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो, आणि तो रद्द होण्याआधी घरातल्या इतरांचे व्हिसा रद्द करावे लागतात. तिथे जन्मलेल्या मुलाला तिथले नागरिकत्व मिळत नाही. जन्मानंतर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करायची, पासपोर्ट काढायचा, आणि ज्या शहरात ते जन्मले त्याच शहरात राहण्यासाठी त्याचा व्हिसा घ्यायचा. 2019 मध्ये सुरू झालेला गोल्डन व्हिसा दहा वर्षांपर्यंतची स्वस्थता देतो, पण सामान्य पगारदाराच्या आवाक्यात तो नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात गेलेले कुटुंब परतायचे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद घालते. दुबईत आणि शारजात वाद असतो तो फक्त केव्हा परतायचे याचा.

तिथे आज 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या रोजच्या जगण्यातल्या साध्या गोष्टी, म्हणजे पलंग कोणता घ्यायचा, मुलांची दुसरी भाषा कोणती ठेवायची, सुट्टी कधी घ्यायची, परतावेच लागणार या एका अटीतून ठरत जातात. म्हणून आखातातल्या कुटुंबाचे परतणे समजून घ्यायचे तर शेवटच्या विमानापासून सुरुवात करून चालत नाही.

या किनाऱ्याशी भारताचा संबंध तेलाहून जुना आहे. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्याआधी तिथे भारतातलाच रुपया चालत असे. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्या प्रदेशाने रुपया सोडला. त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात तेल सापडले. 1971 मध्ये अमिराती एक झाल्या, 1973 मध्ये दिरहम आला. कोकणातल्या रत्नागिरी-रायगड पट्ट्यातली माणसे जहाजांवर, बंदरांत आणि मग बांधकामांवर, कार्यालयांत गेली. सुरुवातीला पुरुष एकटे जात. घर करून राहणे पुढे आले, आणि 1990 मध्ये कुवेतवर इराकने केलेल्या आक्रमणाने त्या घरांना पहिला मोठा धडा दिला. अम्मानमार्गे सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना विमानांनी मुंबईत आणले गेले. कित्येकांनी भरलेली घरे मागे सोडली आणि हातात मावेल तेवढेच बरोबर आणले. तिथल्या घरात फार जमवू नये ही समजूत केवळ काटकसरीची नाही. तिच्यामागे ही आठवणही असावी.

घर मिळते ते भाड्याने. वर्षाचे भाडे चार-सहा पुढच्या तारखांच्या चेकमध्ये आगाऊ द्यायचे, करार ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत चढवायचा, मग वीज-पाण्याची जोडणी घ्यायची, हा दुबईतला क्रम आहे. चेक न वटणे हा 2022 पर्यंत सरसकट फौजदारी गुन्हा होता, त्यामुळे चेकची तारीख ही त्या घरातली सर्वांत महत्त्वाची तारीख असे. घर पुढच्या वर्षी असेलच असे कोणी धरून चालत नाही. भिंतीला खिळा मारायचा तरी घर सोडताना भोक बुजवावे लागेल, हे आधी मनात येते. सोफा जाणाऱ्या शेजाऱ्याकडून घेतलेला, फ्रीज त्याच्याही आधीच्या बिऱ्हाडातला. एकाच इमारतीत एखादे कपाट तीन-चार कुटुंबांकडे फिरून येते. चांगल्या वस्तू मात्र घेतल्या जातात. मिक्सर, भांड्यांचा संच, चादरी, दिव्याचे झुंबर अशा वस्तू खोक्यातून बाहेरही न काढता पलंगाखाली सरकवतात. त्या ‘तिकडच्या’ घरासाठी असतात. पुण्यात, ठाण्यात किंवा चिपळूणजवळ फ्लॅट किंवा बंगला घेतलेला असतो. तो बंद असतो आणि त्याची किल्ली भावाकडे असते. एका घरात कुटुंब राहते आणि दुसऱ्या घरासाठी सामान जमवते, असे हे दुहेरी बिऱ्हाड दहा-पंधरा वर्षे चालते.

दिवस लवकर सुरू होतो. शारजात भाडे कमी, नोकरी दुबईत, त्यामुळे अल इत्तिहाद रस्त्यावरची सकाळची कोंडी हा हजारो घरांचा दिनक्रम आहे. शाळेची बस सहाच्या सुमारास येते. भारताचे घड्याळ दीड तास पुढे असल्यामुळे आईचा डबा भरून होतो तेव्हा गावाकडे सासूबाईंचा चहा झालेला असतो, आणि फोनची वेळ हीच. व्हॉट्सअॅपवरून बोलण्याला तिथे बंदी आहे, म्हणून परवानगी असलेले बोटिमसारखे अॅप घ्यावे लागते. गावातल्या आजीच्या फोनमध्येही ते कुणीतरी बसवून दिलेले असते. 2021 अखेरपर्यंत सुट्टी शुक्रवार-शनिवार असे. रविवारी गावाकडे सगळे निवांत एकत्र बसत, तेव्हा तिथे कामाचा पहिला दिवस सुरू झालेला असे. 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस झाला. हा बदल व्यापारासाठी केला गेला, पण कित्येक घरांत भावाबहिणींना एकाच वेळी मोकळे बसून बोलता येऊ लागले ते या बदलामुळे.

खाण्यापिण्याची उणीव जवळजवळ नाही. 1984 मध्ये महादेव दातार यांनी बर दुबईत काढलेल्या छोट्या किराणा दुकानापासून ‘अल अदिल’ची साखळी वाढली. भाजणी, मेतकूट, पोहे, कोकम हे सगळे तिथे मिळते. मीना बाजाराच्या आसपास हार-फुले, पूजेचे सामान आणि सणाच्या दिवसांत गणपतीच्या लहान मूर्तीही मिळतात. विसर्जन बहुतेक घरांत बादलीत होते. गोंगाटाशिवायच्या त्या गणपतीला घरातली माणसे कमी आणि बिल्डिंगमधली जास्त असतात. एका मजल्यावरच्या केरळी, पाकिस्तानी, गोवेकर शेजारणी प्रसादाची ताटली परत देताना त्यात आपले काहीतरी घालून देतात. मुलांच्या लेखी हेच शेजार म्हणजे गाव. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला खरा मोकळा ऋतू. बागेत शेगड्या पेटतात, मुले रात्री उशिरापर्यंत सायकली फिरवतात, पाहुणे आले की एका दिरहममध्ये अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडून दाखवतात. मे उजाडला की दारे-खिडक्या बंद होतात. पुढचे चार-पाच महिने घर, गाडी आणि मॉल या तीन थंड डब्यांत जातात. उन्हात राबणाऱ्या मजुरांसाठी 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम थांबवण्याचा नियम आहे, एवढे ते ऊन असते.

मुलांच्या आयुष्यात मात्र या व्यवस्थेने एक विलक्षण गोष्ट केली आहे. तिथल्या सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. कुटुंब गावी येते ते नेमके याच दिवसांत. त्यामुळे दुबईत वाढलेल्या मुलाचे कोकण कायम पावसाळी असते. हिरवे, चिखलाचे, वीज गेलेले, ओल्या कपड्यांच्या वासाचे. हापूस त्याला ठाऊक असतो तो एप्रिल-मेमध्ये तिथल्या दुकानांत आलेल्या पेटीतला. झाडावर पिकलेला आंबा, करवंदांनी भरलेली जाळी, लग्नसराई, उन्हाळ्यातली गच्चीवरची झोप यांतले काहीच त्याने पाहिलेले नसते. वर्षाचे दहा महिने त्याला माहीत नसलेल्या प्रदेशाला ते ‘आपले गाव’ म्हणते. आईवडिलांचे परतणे हे ओळखीच्या जागी परतणे असते. मुलाचे मात्र स्थलांतर असते. घरात दोन्हींसाठी ‘परत जाणे’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि पुढच्या पुष्कळ गैरसमजांचे मूळ तिथे आहे.

भाषेचेही तसेच. शाळेत अरबी अनिवार्य, दुसरी भाषा बहुधा हिंदी किंवा फ्रेंच. मराठी घरात बोलली जाते, पण लिहायला क्वचितच येते. महाराष्ट्राने 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. कायदा योग्यच आहे, पण सातवी-आठवीत परतणाऱ्या मुलाला ज्या भाषेत आजीशी बोलता येते त्याच भाषेत परीक्षेच्या कागदावर अडायला होते. मराठी मंडळांतून चालणारे वर्ग ही उणीव थोडी भरून काढतात. ज्या घरांनी ते वर्ग गांभीर्याने घेतले, तिथल्या मुलांना पहिले वर्ष कमी जड गेले, असे म्हणता येते.

परतण्याचे वर्षही पुष्कळदा शाळाच ठरवते. सीबीएसई परीक्षेची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, नोंदणीनंतर शाळा बदलणे अवघड असते. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे. म्हणून ‘आठवी झाली की’ हा आखाती घरांतला ठरलेला वायदा. तो चुकला तर मग बारावीपर्यंत थांबायचे. थांबणाऱ्यांनाही वाट आहे: आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी अभियांत्रिकीला वेगळा कोटा आहे, आणि 2021 पासून नीटचे केंद्रही दुबईत मिळू लागले.

दुसरा हिशेब पैशाचा. पगारावर आयकर नाही, पण निवृत्तिवेतनही नाही. त्याची जागा ग्रॅच्युइटी घेते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचा मूळ पगार, एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही, असा नियम आहे. मूळ पगार 6000 दिरहम असलेल्या माणसाला पंधरा वर्षांनंतर 81,000 दिरहम मिळतात, म्हणजे साडेतेरा महिन्यांचा मूळ पगार. मूळ पगार हा हातात येणाऱ्या रकमेचा एक भागच असतो, बाकी घरभाडे आणि भत्ते. म्हातारपणाची तरतूद या रकमेवर होत नाही, हे साधारण दहाव्या वर्षी लक्षात येते. त्यानंतर बचतीला वेग येतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत शाळेची फी, भाडे वाढते. ‘अजून दोन वर्षे’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते ते यामुळे. त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशांतून देशात आलेल्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे 20.5 टक्के, महाराष्ट्रात आला. त्या आकड्यात अशा घरांनी पुढे ढकललेली दोन-दोन वर्षेही आहेत.

शाळेचा आणि पैशाचा हिशेब क्वचितच एका वर्षी जुळतो. म्हणून कुटुंब दोन टप्प्यांत परतते. आई आणि मुले आधी येतात. वडील मागे राहतात. आखाती बोलीत कुटुंबाशिवाय राहणाऱ्या कोणत्याही पुरुषाला ‘बॅचलर’ म्हणतात, मग त्याच्या लग्नाला वीस वर्षे झालेली असोत. दोन खोल्यांचा फ्लॅट सुटतो आणि तो माणूस चौघांच्या खोलीत ‘बेडस्पेस’ घेतो, जशी त्याने पंचविशीत घेतली होती. इकडे बायकोवर बंद घर उघडण्यापासून शाळा, गॅस, सासऱ्यांचे औषधपाणी असे सगळे येते. तिथे तिने नोकरी केली असेल तर तीही सुटलेली असते. या परतण्याची सर्वांत मोठी किंमत तीच देते, आणि कुटुंबाच्या जमाखर्चात ती कुठेच लिहिली जात नाही.

शेवटचे महिने कागदांचे असतात. घरमालकाला मुदतीआधी कळवायचे, वीज-पाण्याचे अंतिम बिल भरून अनामत परत घ्यायची, गाडी विकायची, क्रेडिट कार्ड आणि कर्ज पूर्ण फेडायचे; थकबाकीवरून देश सोडण्यास बंदी येऊ शकते. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या खात्यांचे आणि वकिलातीचे शिक्के घ्यायचे. पलंगाखालची खोकी जहाजाच्या कार्गोत जातात. भारतात आल्यावर एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचे, खाते निवासी खात्यात बदलावे लागते. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना आयकर कायदा सुरुवातीला साधारण दोन वर्षे मधला दर्जा देतो, ज्यात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा कर लागत नाही.

मागे राहिलेल्या वडिलांच्या आधाराने बायकामुलांचे व्हिसा चालू ठेवण्याची धडपड पुष्कळ घरे करतात. सलग 180 दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले की साधा निवासी व्हिसा निष्प्रभ होतो, म्हणून दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे फेरी मारायची. आता ती दुबईत पाहुणी असतात. जुन्या इमारतीखाली उभी राहून ओळखीच्या खिडकीत दुसऱ्यांचे कपडे वाळताना पाहतात. दोन-तीन वर्षांनी क्लास, परीक्षा, आजारपण यांतून वेळ निघेनासा होतो आणि एका वर्षी ती फेरी राहून जाते. आईचा आणि मुलांचा व्हिसा तिथेच संपतो, घरात कुणाच्या लक्षात येण्याआधी.