जीभ घसरते तेव्हा

निर्जन वाळवंटात अन्नपाण्यासह हरवलेला उंट अचानक समोर उभा दिसला आणि हर्षभरित झालेल्या त्या माणसाने अल्लाहला हाक मारताना 'दास' आणि 'पालनकर्ता' हे शब्दच उलटे उच्चारले! सहीह मुस्लिममधील या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) एवढेच सांगितले, की अत्यानंदाने तो चुकला. शिवाय हा दृष्टांत आहे कशाचा? बंद्याच्या तौबेने अल्लाहला होणाऱ्या आनंदाचा.

जिभेकडून याहून मोठी चूक ती कोणती? तरीही कचेरीत कोणी साहेबांना चुकून 'अब्बा' म्हटले, की तेच त्याचे टोपणनाव होऊन बसते. सूरह अल-हुजुरातच्या 11 व्या आयतीत थट्टा आणि वाईट टोपणनावे दोन्ही निषिद्ध आहेत. जेवणाच्या सुट्टीत नेमकी तीच आपल्याला आठवत नाही.

एकदा निकाह पढविताना मी वराऐवजी त्याच्या वडिलांचे नाव घेतले. मांडवात हशा पिकला. माझी मान वर होईना. तेव्हा शेजारी बसलेले वधूकडील वयोवृद्ध वकील शांतपणे म्हणाले, "मौलाना, मागच्यांना नीट ऐकू आले नसेल, पुन्हा एकदा सांगा." हशा विरला. मी योग्य नाव उच्चारले. आजही ते दर जुम्याला भेटतात. तो विषय त्यांनी कधीच काढलेला नाही.