कचारगडची यात्रा आणि उत्सवाचे वय

उत्सव खरा केव्हा म्हणावा? तो फार जुना असेल तेव्हा, असे उत्तर पुष्कळ लोक विचार न करताच देतात. ज्याचा आरंभ कोणास ठाऊक नाही तो खरा, आणि ज्याच्या आरंभाचे दशक सांगता येते तो बनावट, असा समज आमच्यात रुजून बसला आहे. या समजाची परीक्षा करावयास गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची यात्रा फार उपयोगी आहे.

सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनापासून थोड्या अंतरावर, अरण्याने वेढलेल्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास, थंडी ओसरून उन्हाळा उंबरठ्याशी येत असता, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण या प्रांतांतून गोंड स्त्रीपुरुष येथे लोटतात आणि ‘जय सेवा’ असा घोष करीत डोंगर चढतात. कथा अशी सांगतात की, कली कंकाली मातेची ३३ मुले या गुहेत कोंडली गेली होती व तिच्या तोंडाशी प्रचंड शिळा होती. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाच्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ आले. शिळा हलली, मुले सुटली, पण तो वादक तिच्याखाली चिरडला गेला. सुटलेल्या मुलांस पारी कुपार लिंगोने धर्म दिला, आणि त्यांच्यापासून गोंडांच्या कुळांची व्यवस्था लागली.

कथा पुरातन, यात्रेचे आजचे रूप मात्र १९८० नंतरच्या दशकातले. नागपूरचे भाषापंडित मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) व त्यांचे सहकारी यांनी मूठभर मंडळींनिशी ते सुरू केले. लिंगोच्या गाथेत काचीकोपा लोहागड हे स्थान येते; ते हेच, असा त्यांचा निर्णय. ती गाथा नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी टिपून घेतली होती, व त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती छापली गेली. म्हणजे जे गाणे परकीयाच्या ग्रंथात विसावले होते, ते या मंडळींनी पुन्हा लोकांच्या पायांस वाट दाखवावयास लावले.

यावर आक्षेपक म्हणेल की, हे तर पंडितांनी घडविलेले क्षेत्र! आमचे उत्तर असे की, घडविलेला नाही असा उत्सव कोणता? पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवास १८९३ हे साल आहे, रायगडावरील शिवोत्सवास १८९६ आहे; म्हणून त्यांस कोणी खोटे म्हणत नाही. जुन्या उत्सवांसही कर्ते होते. फरक इतकाच की त्यांची नावे आपण विसरलो. विस्मृतीस पावित्र्य मानणे हा विचार नव्हे, आळस होय.

तथापि आक्षेपातील सत्यांश आम्ही टाकून देत नाही. गाथेतील गुहा ही हीच काय, हा प्रश्न संशोधकाने निर्भयपणे विचारावा, आणि यात्रेकरूने त्याचा राग मानू नये. कारण यात्रेकरू येथे स्थलनिर्णय करावयास येत नाही. तो ऋण फेडावयास येतो. १८६६च्या पाठात मुलांचा कोंडवाडा धवलगिरीवर सांगितला आहे, एवढ्यावरून ते ऋण फिटत नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी आपली मातृभाषा सांगितली. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळालेले नाही. ज्यांच्या भाषेस दरबारात आसन नाही, त्यांनी वर्षातून एकदा एकत्र येऊन आपले पूर्वज मोजावेत, यात कृत्रिम ते काय?

आमच्या मते उत्सवाचा खरेपणा त्याच्या वयात नसून तो कोणाचे स्मरण करतो यात आहे. पुष्कळ उत्सव विजेत्याचे असतात. कचारगडच्या कथेत मुक्ती मिळविणारा स्वतः मुक्त होत नाही. तो शिळेखाली राहतो. म्हणून या यात्रेस धोका तिच्या अर्वाचीनपणाचा नाही. गर्दी वाढेल, मंडप वाढतील, पुढारी येतील आणि ध्वनिक्षेपकांच्या कल्लोळात त्या वादकाचा सूर कोणास ऐकू येणार नाही, धोका आहे तो हा. तो सूर ऐकू येतो तोवर ही यात्रा खरी. ऐकू येईनासा झाला, तर तिला सहस्र वर्षे होऊनही उपयोग नाही.