बांडगूळ नव्हे, सीतेची वेणी

नाशिकच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटरानांत, पावसाळ्याच्या तोंडी, जुन्या वृक्षांवरून जांभळ्या ठिपक्यांचे पांढरे तुरे लोंबतात. ही सीतेची वेणी, आमरीच्या कुळातील. पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून तोडून टाकितात. हा न्याय नव्हे. बांडगूळ फांदीच्या लाकडात मूळ खुपसून झाडाचा रस शोषिते. सीतेची वेणी केवळ सालीस धरून राहते, व मुळांवरील स्पंजासारख्या आवरणाने पावसाचे पाणी टिपून घेते. दोघांचाही वास परक्या फांदीवर. परंतु एक यजमानास लुटते, दुसरी फक्त आसरा मागते.

ती अंगणात हवी असल्यास रानातून ओरबाडू नये; रोपवाटिकेत वाढविलेले रोप घ्यावे. पावसाळ्याच्या आरंभी ते आंब्याच्या खरबरीत सालीवर, विरळ सावलीत, काथ्याने बांधावे. मुळांवर माती लिंपू नये. ती गुदमरून कुजतात. कोरड्या दिवसांत सकाळी पाणी शिंपडावे. याहून अधिक लुडबूड नको. ज्याने तिला निर्मिले, त्याने तिची सोयही केली आहे.

पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे द्राक्षांच्या कामास आपल्या गावी येऊन शिवाराच्या कडेस पाल ठोकितात. त्यांस आपण कोणत्या नावाने हाक मारितो? बांडगूळ म्हणण्यापूर्वी मूळ कोठे गेले आहे, हे आपण पाहू या. ती आपल्या घामाचे खातात. आपणांपासून फक्त आसरा घेतात. तो आपण आनंदाने देऊ या.